एनोकाचा अंगठा

एनोकाचा तुटलेला अंगठा परत उगवला, अशी कुजबुज एका डिसेंबरात हवाई बेटावरच्या आमच्या वायमेआत उठली आणि नाताळ यायच्या आत डोंगर उतरून कोनाच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. कुणी म्हणे, वरच्या आळीतल्या वैदू म्हातारीने नोनीच्या पाल्याचा लेप लावला. कुणी म्हणे, नवा अंगठा जुन्यापेक्षा अर्धं पेर लांब आलाय. चर्चच्या पायरीवर एका बाईने तर मला शपथेवर सांगितलं, की त्याला नखसुद्धा फुटलंय, गुलाबी, तान्ह्या बाळाच्या नखासारखं, आणि तिच्या जावेने ते डोळ्यांनी पाहिलंय. मी "हो का? कमाल आहे!" म्हणालो आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

एनोका म्हणजे आमच्या राँचवरचा गुराखी. चाळीस वर्षं घोड्यावर काढल्याने पाय असे कमानदार झालेले, की मधून डुकराचं पिल्लू आरपार गेलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. बोलणं बेताचं. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, एकुलता मुलगा माकिया होनोलुलूच्या गोदीत कामाला. घरात एनोका, दोन कुत्री आणि एक गिटार. माझं खोगिरांचं दुकान त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. त्यामुळे त्याचं खोगीर आणि त्याच्याबद्दलच्या बातम्या, दोन्ही माझ्याकडेच दुरुस्तीला यायच्या.

आता गिटारीच्या तारा सैल सोडून वाजवणारे आमच्या बेटावर घरोघरी आहेत. पण कोणती तार किती सैल, ते ज्याच्या त्याच्या घरचं. माणसं पेटीतले दागिने शेजाऱ्याला काढून दाखवतील, पण तारांची जुळणी दाखवणार नाहीत. एनोकाची जुळणी त्याच्या आईकडून आलेली, आणि तो त्या बाबतीत भलताच कर्मठ. वाजवायचा ते भिंतीकडे तोंड करून. वाजवून झालं की सहाही तारा एकेक करून ढिल्या करायचा, म्हणजे मागाहून कुणी गिटार उचललीच तर हाती काही लागू नये. गावातल्या निम्म्या लोकांना त्याचा चेहरा गर्दीत ओळखू आला नसता. पाठ मात्र सगळे ओळखायचे.

किती बोटांनी वाजवायचं, यावर माझ्या दुकानात दर शनिवारी जुंपायची. पलानी नालबंद स्वतःला मोठा वादक समजायचा.

"चार बोटं तरी लागतातच," तो म्हणायचा. "अंगठा जाड तारांवर, आणि बाकी तिघांना एकेक बारीक तार वाटून द्यायची. सोपं काम."

"नाल ठोकतोयस की गाणं वाजवतोयस?" एनोका विचारायचा.

"मग तू किती म्हणतोस?"

"दोन. अंगठा घर सांभाळतो, एक बोट बाहेर हिंडून येतं. आणखी बोटं घातलीस की घरात भांडणं."

"आणि बाकीच्या बोटांनी काय करायचं?"

"गप्प बसायचं. तुला जमत नाही ते."

खोटं नाही सांगत, त्या दोन बोटांत सगळं होतं. अंगठ्याचा खर्ज चालत्या घोड्यासारखा एका ठेक्यात, आणि त्यावर पहिलं बोट गाणं म्हणतंय. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं वाजवताहेत.

मग तो ऑगस्ट आला. वासरांना डाग द्यायचे दिवस. दोराचा फास वासराच्या गळ्यात पडला की दुसरं टोक खोगिराच्या खुंटाला वेढायचं, आणि वेढताना अंगठा वर ठेवायचा, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. एनोकाने स्वतः गावातल्या तिसेक जणांना शिकवलं होतं. त्या दिवशी त्याचाच अंगठा खाली राहिला. वासराने हिसडा दिला, वेढा आवळला आणि उजवा अंगठा मुळापासून गेला.

"धुकं होतं," एनोका सांगायचा.

धुकं होतं, खरं आहे. पण त्याच वेळी भटारखान्यातली लाहापा जेवणाच्या टोपल्या घेऊन कुंपणापाशी आली होती, हेही खरं आहे. मी आपला दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, जोडत नाही.

ही लाहापा म्हणजे एनोकाची शेजारीण. विधवा, वय चोपन्न, दंड माझ्या मांडीएवढे. राँचवरच्या साठ माणसांना रोज जेवू घालायची आणि त्यातल्या निम्म्यांना रोज शिव्याही घालायची. तिची कपडे वाळत घालायची दोरी एनोकाच्या ओसरीपासून पंधरा पावलांवर. एकोणीस वर्षं शेजार, आणि त्यातली बरीचशी भांडणात गेलेली, कारण तिचा टर्की एनोकाच्याच ओसरीच्या कठड्यावर झोपायचा आणि कठडा घाण करायचा.

"तुझा पक्षी आवर," हा ओरडायचा.

"त्याला माझं घर आवडत नाही, त्याला मी काय करू? आवड असते एकेकाची!" ती ओरडायची.

जखम भरत आली तोच माकियाचं पत्र आलं. त्याच्या मुलीला, उलुवेहीला, डिसेंबरात वर्ष पुरं होत होतं. पहिल्या वाढदिवसाची मेजवानी आजोबांच्या अंगणात करायची, आणि पापाने नातीच्या नावाचं गाणं वाजवायचं.

पत्र वाचून एनोका दुकानात येऊन बसला तो तासभर हललाच नाही. त्याच्या घरात रीत होती. मूल वर्षाचं झालं की घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच्या नावाचं गाणं बांधायचं आणि घरच्या जुळणीत वाजवायचं. त्याच्या आईने त्याच्यासाठी वाजवलं होतं, त्याने माकियासाठी. गाणं तर त्याने पोर जन्मली त्याच आठवड्यात बांधून ठेवलं होतं. आता वाजवणार कशाने? आणि माकियाला यातलं ओ की ठो येत नव्हतं. एनोका वाजवायचा थांबला म्हणजे ती जुळणी, ते गाणं, सगळं त्याच्याबरोबर मातीत जाणार होतं.

त्याने धडपड करून पाहिली. पहिल्या बोटाने खर्ज आणि मधल्याने गाणं. बोटात जोर नाही. लंगडं घोडं चढ चढतंय असं वाटायचं. पलानीने सल्ला दिला, "खर्ज सोडून दे. तीन बोटांनी नुसत्या बारीक तारा छेड."

"जमीन नसलेलं घर," एनोका म्हणाला आणि उठून गेला.

मग मी पडलो मध्ये. खोगीरवाला आहे, चामड्याचं काहीही करून देतो. बैलाच्या कातड्याची टोपी शिवली, टोकाला शिंगाचा तुकडा बसवला आणि दोन चामडी पट्ट्यांनी मनगटाला बांधली. चामड्याचा अंगठा! आठवडाभर खपलो त्यावर. ऑक्टोबरातल्या एका दुपारी ओसरीवर बसून एनोकाने तो चढवला आणि पहिलाच खर्ज असा ठणकावला, की अंगठा सुटला, कठड्यावरून उडाला आणि थेट लाहापाच्या धुण्याच्या टोपलीत पडला.

मेलेला उंदीर उचलावा तसा तो दोन बोटांत धरून ती आली.

"हे कुणाचं?"

"याचं," मी म्हटलं.

"जसिंतो, तू खोगिरंच शिव बाबा." मग एनोकाकडे वळली. "दोन महिने झाले. एकोणीस वर्षं त्या वाजवण्यावर चादरी वाळत घातल्या मी. आता माझा हात चालत नाही. काय करायचं ठरवलंयस?"

"अंगठा नाही," एनोका भिंतीला म्हणाला.

"मला दोन आहेत."

माहेरी कोहालात लहानपणी भाऊ वाजवायचा आणि ही त्याच्या गुडघ्याशी बसून जाड तारा धरायची, असं तिनेच सांगितलं. गाणं येत नाही, पण ठेका सुटत नाही म्हणाली. एनोका म्हणाला, "तुला जुळणी दिसेल."

"दिसेल."

"ती घराबाहेर जात नाही. डोळ्यांना रुमाल बांधून बस."

"मी रोज चाळीस कोंबड्या सोलते त्या डोळे उघडे ठेवून. तुझ्या सहा तारांनी काय घोडं मारलंय?"

आता अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा दोष मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अरे, घराबाहेर जात नाही ना? मग हिलाच घरात आण. लोक बाईचा हात मागतात, तू अंगठ्यापासून सुरुवात कर."

लाहापाने चामड्याचा अंगठा मला फेकून मारला. पण एनोका, तो बावळट, खरंच उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "लग्न करशील?"

"कशासाठी? अंगठ्यासाठी?" तिचा चेहरा लालबुंद. "अख्ख्या बाईने बिऱ्हाड हलवायचं आणि काम एका बोटाचं? वा रे वा! आणि विचारतो तेही माझ्याकडे न बघता!" टोपली काखेला मारून ती गेली. टर्कीसुद्धा तिच्यामागे गेला. असं आधी कधी झालं नव्हतं.

तीन दिवस दोघांची दारं बंद. मेजवानीला सहा आठवडे उरलेले. चौथ्या दिवशी दुपारी मी त्या बाजूने चाललो होतो, म्हणजे मुद्दामच चाललो होतो, तर काय पाहतो! एनोका एका हातात खुर्ची आणि एका हातात गिटार घेऊन पंधरा पावलं चालत गेला, वाळत घातलेल्या चादरींमध्ये खुर्ची ठेवली आणि लाहापाच्या समोर बसला. समोर. तोंड तिच्याकडे करून. मला कुंपणाची एक तार एकदम नीट करावीशी वाटली, म्हणून मी तिथेच थांबलो.

सगळ्या तारा ढिल्या होत्या. तो एकेक खुंटी पिळायला लागला. सगळ्यात जाड तार, मग तिच्या शेजारची. अंगठ्यावाचून खुंटी पिळणंही सोपं नसतं. लाहापा तोंडात कपड्यांचे दोन चिमटे धरून बघत होती. तो चौथ्या तारेवर आला तेव्हा तिने चिमटे काढले.

"थोडी खाली."

एनोका थांबला.

"केसभर खाली घे. ती इतकी चढी नसते तुझी."

"तुला काय माहीत?"

"रोज संध्याकाळी तारा ढिल्या करताना तू एकेक तार छेडून बघायचास की नाही? सुटली का, नीट सुटली का? प्रत्येक तार कुठून निघाली ते ओरडून सांगत खाली यायची. एकोणीस वर्षं, एनोका. माझ्या टर्कीलासुद्धा पाठ असेल."

लपवायला म्हणून जे करत आला, त्यानेच सगळं सांगून टाकलं होतं. एनोकाने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"कुणाला बोललीस?"

"सांगायचं असतं तर जसिंतोला सांगितलं असतं. मग दुसरं कुणी शोधायला नको. ए जसिंतो, ती तार केव्हाच नीट झाली, घरी जा!"

मी गेलो नाही. एनोकाने चौथी तार केसभर उतरवली, पुन्हा छेडली, आणि खुर्चीवर सरकून उजवीकडे जागा केली. जागा कसली, एक पाय टेकेल एवढी.

"बस," तो म्हणाला.

"आधी माझं ऐक. माकिया आला की त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं. पोर तुझी पाठ बघत मोठं झालं. पाठीकडून कुणी काही शिकतं का?"

एनोकाने नुसती गिटार तिच्या बाजूला सरकवली. तेवढ्यावर लाहापाने कपडे धुवायचं लाकडी स्टूल ओढलं आणि ती बसली.

एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तसा प्रकार. एकाच गिटारीवर दोन उजवे हात. पहिल्या आठवड्यात गाणं कमी आणि "तुझं कोपर काढ" जास्त. ती जाड तारांवर भोकाच्या वरच्या अंगाला, हा बारीक तारांवर खाली, तारा बांधतात त्या पट्टीकडे. तिचा अंगठा सुरुवातीला कणीक तिंबल्यासारखा पडायचा. "हळू, बाई, घोडं चालतंय, मेलेलं नाही," हा म्हणायचा. "मग तू तुझ्या बोटाला सांग ना, मागे राहतंय ते," ती म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दोघं एकदम गप्प झाली आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात आलं. संपल्यावर लाहापा उठली आणि भात करपला म्हणत घरात पळाली. चुलीवर भात नव्हता. मला माहीत आहे, मी खिडकीतून बघितलं.

मेजवानीला ऐंशी माणसं. जमिनीतल्या भट्टीत पहाटेच डुक्कर पुरलेलं, अळूच्या कंदांच्या लगद्याची, म्हणजे पोईची पातेली, खारवलेला मासा, नारळाच्या दुधाच्या वड्या. माकिया बायको आणि लेकीला घेऊन दोन दिवस आधी आला होता. बापाच्या हाताकडे बघायचा आणि मान वळवायचा. गाण्याचा विषय त्याने काढलाच नाही.

लाहापाने ठणकावून सांगितलं होतं, "ऐंशी जणांचं रांधून घामाने भिजलेली मी लोकांसमोर बसायची नाही. पडदा पाहिजे." एनोकाला तेच हवं होतं; माकियाकडे तोंड करायची अट तेवढ्यापुरती दोघंही विसरली. ओसरीच्या दारावर चादर टांगली. मला तिने कालथा दाखवून बजावलं, "आत कोण आहे हे तुझ्या तोंडून निघालं तर या मेजवानीत डुक्कर दोन होतील."

दुपारी तीनच्या सुमारास चादरीमागून खर्ज सुरू झाला. सावकाश, चालत्या घोड्यासारखा. अंगणातली बडबड विझत विझत थांबली. मग त्यावर ते एकटं बोट गाणं म्हणायला लागलं. पलानीचं पोईने भरलेलं बोट तोंडाशीच राहिलं.

"जसिंतो," तो कुजबुजला, "खर्ज कोण वाजवतंय?"

"एनोका. आणखी कोण?"

"अंगठा कुठे आहे त्याला?"

खरं सांगता येत नव्हतं आणि गप्प बसता येत नव्हतं. माझी अवस्था तुम्हीच बघा. मी म्हणालो, "उगवला."

पलानीच्या शेजारी तीन बायका बसल्या होत्या. पुढचं सांगायला नको.

तेवढ्यात माकिया उठला. लेक कडेवर. तो ओसरी चढला आणि चादर बाजूला करून आत गेला. मी मागोमाग, कुणीतरी जायलाच हवं होतं. आत एनोका आणि लाहापा एकमेकांना टेकून बसली होती, दोघांची डोकी एका गिटारीवर वाकलेली. एनोकाने मुलाला पाहिलं, पण थांबला नाही. गाणं पुरं केलं, नातीचं नाव येतं त्या शेवटच्या ओळीसकट. पोर बापाचा कान ओढत ऐकत होती.

मग सवयीने एनोकाचा डावा हात खुंटीकडे गेला. तारा ढिल्या करायला. लाहापा नुसती बघत राहिली. हात खुंटीवर थांबला, आणि खाली आला. एनोकाने खुर्ची फिरवली. जड खुर्ची ती, फरशीवर करकरली. माकियासमोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी आणली, आणि जुळवलेली गिटार तशीच्या तशी त्याच्या पुढे धरली.

"धर."

माकियाने लेकीला माझ्याकडे दिलं. गिटार घेतली, पण तारांना हात लावायचं धाडस होईना त्याला. तीस वर्षांचा बाप्या, गोदीत पोती उचलणारा. शेवटी म्हणाला, "पापा, बोटं किती लावायची?"

"तुझ्या बापाला एक पुरतं," लाहापा म्हणाली. "तू सध्या दोन घे."

चार दिवसांसाठी आलेला माकिया अकरा दिवस राहिला. गोदीवरच्या मुकादमाने काय म्हटलं ते माहीत नाही, बायकोने काय म्हटलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. जाताना त्याच्या अंगठ्याला फोड आलेला होता आणि तो बोटीवर चढेपर्यंत सगळ्यांना दाखवत होता. पुढच्या उन्हाळ्यात एनोकाने लाहापाला पुन्हा विचारलं, या वेळी तोंडाकडे बघून. ती म्हणाली, विचार करते, आणि तीन आठवडे तिने त्याला टांगून ठेवलं. चर्चमध्ये लग्न लागलं तेव्हा टर्की बाहेर कठड्यावर बसला होता.

एनोका जाऊन आता आठ वर्षं झाली. उलुवेहीला स्वतःची दोन मुलं आहेत, आणि दोघांच्याही वर्षाला माकियाने अंगणात सगळ्यांकडे तोंड करून वाजवलं. परवा लाहापाचा ऐंशीवा वाढदिवस होता. मला जवळ बोलावून म्हणाली, "जसिंतो, सांगून टाक आता. नाहीतर पोट फुटून मरशील आणि मला पाप लागेल."

तर सांगतो. अंगठा उगवला नव्हता. त्या दुपारी चादरीमागे एनोकाचं एक बोट वाजत होतं आणि लाहापाचा एक अंगठा. त्या दोन हातांच्या उरलेल्या सात बोटांना काही काम नव्हतं.